जुमेरातीचं ताट

"अम्मी, चाचांच्या नावाचं ताट खरंच चाचा येऊन खातात का गं?"

विचारलं! बिल्किसने एका दमात विचारून टाकलं. नववीतल्या कुठल्याच मुलीची घरी हे विचारायची हिंमत नाही, अशी जुबैदाने वर्गात पैज लावली होती. आणि वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून बिल्किस कुठल्याच प्रश्नाला घाबरत नव्हती.

अम्मीच्या हातातली बशी थांबली. "तोबा तोबा! मगरिबच्या वेळेला हे काय बोलणं?"

"पण सांग ना, कोण खातं?"

"त्यांना सवाब पोचतो, पुण्य लागतं. खातो आपण. आता गप बस आणि रुमाल दे."

भिंतीपलीकडे कापडाचे लूम खडखडत होते. निजामपुऱ्यात तो आवाज कुणाला ऐकू येत नाही. बंद पडला तरच माणसं दचकतात. अम्मीने पाटावर पांढरा रुमाल अंथरला आणि चाचांच्या आवडीचं एकेक मांडलं. मस्का लावलेला पाव, गुलाबी क्रीमचा केक, बिस्किटं, नारिंगी थंड्याची बाटली. फखरुद्दीन चाचांना आधी साखर लागली, मग त्यांचा पाय कापला, मग ते गेले. त्याला दोन वर्षं झाली. त्यांची आवड मात्र दर जुमेरातीला, गुरुवारच्या संध्याकाळी, या खोलीत यायची आणि लोबानच्या धुरात मांडी घालून बसायची.

अब्बा आले. ऑक्टोबरचा एवढा उकाडा, तरी त्यांच्या पायात मोजा होता. एकाच पायात, डाव्या. त्यांनी भावासाठी फातेहा पढली, दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि केकची बशी पुढे ओढली.

"अब्बा, डॉक्टरांनी गोड मना केलंय."

"हे नियाजचं आहे बेटा, फातेहा पढलेलं. नियाज बाधत नाही."

"दादांच्या, म्हणजे तुमच्या अब्बांच्या नावाचा मलिदा खाताना चाचापण हेच म्हणायचे."

अम्मीने डोळे मोठे केले. अब्बा मात्र हसले. "नंबर आला तेव्हापासून हिने घरातपण स्टेज बांधलाय. माईक आणू का?"

बिल्किसलाही हसू आलं असतं. पण अब्बांनी केकवरचं गुलाबी क्रीम आधी बोटाने खरवडलं, बोट चाटलं आणि मग केक उचलला. चाचा अस्सेच खायचे. अगदी अस्सेच. धुरापलीकडे नक्की कोण बसलंय, ते तिला क्षणभर कळेना.

"मोरीत मुंग्या लागतात," ती म्हणाली.

"बिल्किस!" अम्मी ओरडली.

"लागतात! अब्बा, तुम्ही सकाळी लघवीला जाऊन आलात की रांग लागते. चाचांच्या वेळी लागायची तशीच. अम्मी रोज फिनेल ओतते आणि मला सांगते, पावसाने आल्यात. पाऊस कधीच गेला! लघवीत साखर उतरली की मुंग्या येतात, आम्हाला सायन्सच्या बाई म्हणाल्या."

अम्मीने ओढणीचं टोक तोंडाशी नेलं. अब्बा खायचे थांबले.

"मोजा काढून दाखवा ना, अब्बा."

त्यांनी डावा पाय हळूच लुंगीखाली घेतला. "लूमवर ठेच लागली. भरेल."

"किती दिवस झाले?"

अब्बांनी लुंगी आणखी खाली ओढली.

बिल्किस ताडकन उठली आणि आतल्या खोलीतून झाकलेली थाळी घेऊन आली. नाचणीच्या दोन भाकऱ्या, एक वेडीवाकडी, एक करपलेली. हातसडीचा लालसर भात. माठाची भाजी. "मी केलंय. डोंगरावरच्या पाड्यातून ती म्हातारी सखी विकायला टोपली घेऊन येते ना, तिच्याकडून आणलं सगळं. ती म्हणाली, 'तुजा आजा अंजूरला शेती करायचा तवा तुमच्या घरात हेच शिजायचा. लूम आला न् मंग पाव आला.'"

"खरंय तिचं," अब्बा म्हणाले. "रोज नाचणी, रोज नाचणी. मी आणि फखरू दोघं तोंड फिरवून बसायचो. पहिला लूम लागला त्या संध्याकाळी फखरू धावत जाऊन मस्कापाव घेऊन आला. एकच. मोठा तुकडा मला दिला." त्यांचा आवाज खाली गेला. "तेव्हा केवढासा होता तो! आता त्याच्या ताटात ही भाकरी ठेवू? माझा भाऊ काय म्हणेल?"

अम्मी रडायला लागली. लूम चालूच होते.

बिल्किसने केकची बशी अब्बांच्या पुढून उचलली, रुमालावर परत ठेवली आणि तिथे आपली थाळी सरकवली.

"चाचांच्या ताटाला मी काही करत नाही. त्यात त्यांच्या आवडीचंच ठेवा. फक्त ते शेजारी वाटायचं, तुम्ही खायचं नाही. उद्या सकाळी तुम्ही आधी डॉक्टरांकडे पाय दाखवून यायचं. आणि उद्यापासून आपल्या तिघांचं जेवण मी करणार. नाचणी, हा भात, पालेभाजी. शाळेआधी उठून करीन. करपलं तर करपलेलं खा."

"आणि अब्बा," ती म्हणाली, "मी तुमच्या नावाचं ताट कधीच लावणार नाही. आत्ताच ऐकून ठेवा."