शोभेची अक्षरं

“ती मात्रा जरा आणखी फिरवा, पंत,” सरदार सर्जेराव म्हणाले आणि पिकदाणीत पचकन थुंकले.

दिगंबरपंतांच्या बोरूखाली बायडाचा उघडा हात होता. मनगटापासून कोपरापर्यंत काजळाच्या शाईत सर्जेरावांचं नाव उतरलं होतं. रफार मोराच्या तुऱ्यासारखा, मात्रा समईच्या ज्योतीसारखी. शेजारी सोजरबाई गोंदणाच्या सुया बांधून बसली होती. शाई वाळली की ती याच रेघांवरून टोचणार होती.

पंतांनी ही अक्षरं चांदीच्या अत्तरदाणीसाठी बसवली होती. असं वळण पेशव्यांच्या दफ्तरातही दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हतं. आज सदरेवर आल्यावर त्यांना कळलं, नाव अत्तरदाणीवर नाही, कुणबिणीवर घालायचंय. विकत घेतलेली ही पोर मागच्या अमावास्येला पळाली आणि लोणी काळभोरला सापडली. आता कुठेही गेली तरी मालकाचं नाव अंगावर.

सर्जेरावांनी तिचं मनगट पिरगाळून हात उलटसुलट पाहिला, मंडईत वांगं पारखावं तसा. विड्याचा लाल थेंब त्या हातावर पडला. त्यांनी तो अंगठ्याने टिपला आणि अंगठा तिच्याच लुगड्याला पुसला. आपणच काढलेली अक्षरं पंतांना जखमेवर वळवळणाऱ्या अळ्यांसारखी दिसू लागली.

नाही म्हणावं तर दुसरा कुणी लिहील. दया मागावी तर हसतील. सोजरबाईने सुया उचलल्या.

“सरकार,” पंत घाईने म्हणाले, “हा हात दिवसभर काय करतो?”

“काय करणार? गोठा सारवतो, खरकटी काढतो. पालखीत थोडाच मिरवतो!”

“म्हणजे आपलं नाव रोज शेणात बरबटणार. खरकट्यात बुचकळणार. हात कसला, उकिरडा आहे हा! आपलं नाव उकिरड्यावर टाकायचं, सरकार?”

सर्जेरावांचा चघळता जबडा थांबला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं आणि नाक आक्रसलं.

“शी! पुसा, आधी पुसा ते! सोजरबाई, उठा तुम्ही.”

ते आतल्या दालनात गेले. दार उघडंच होतं. त्यांचं खाकरणं बाहेर ऐकू येत होतं.

सोजरबाई सुया गुंडाळून निघून गेली. पंतांचा श्वास मोकळा झाला. पोरीला सांगावं, बाई गं, ते तुझ्यासाठीच बोललो. पण आतून पुन्हा खाकरणं आलं आणि शब्द ओठांतच राहिले. त्यांनी उपरण्याचं टोक घागरीत भिजवलं आणि हळुवारपणे ते तिच्या हाताकडे नेलं.

बायडाने हात झटकन मागे ओढला. सर्जेरावांनी पिरगाळला तेव्हाही तिने तो ओढला नव्हता.

“ऱ्हाऊ द्या, पंत,” ती म्हणाली. “उकिरडा हाय. तुमचा हात बाटंल.”