आबांना पेलणारा ॲम्प्लिफायर

"हे चार ओहमचे स्पीकर लई करंट खातेत, भैय्या. तुमचा ॲम्प्लिफायर दमतो अन् बंद पडतो," परळीचा दुकानदार म्हणाला. विजयसिंहाने दुप्पट ताकदीचा उचलला. त्याचे वडील, आबा, जाऊन वर्ष झालं होतं. कान पार गेलेल्या आईला, तुळजाबाईला, त्यांचं रेकॉर्ड केलेलं भाषण निदान तळहाताने तरी ऐकवायचं, एवढाच त्याचा हट्ट होता.

घरी त्याने तिला आबांचा फोटो दाखवला, तिचा हात स्पीकरवर ठेवला आणि आवाज वाढवला. आबा घुमले. पेटी थरथरली, खिडक्या थरथरल्या. आता हसेल म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

तुळजाबाईने झटक्यात दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "चुकलं माझं, मालक... पोराम्होरं नका मारू."