कर्ण्याचं पितळ

लातूर नवा जिल्हा झाला आणि सोहळ्यासाठी सरपंचांना एकाएकी बौद्धवाड्याची आठवण झाली. भंगारातला रेडिओ, जुनी बॅटरी आणि ठोकलेलं पितळ जोडून रामकिशननं घरीच बनवलेला कर्णा त्यांनी मागून नेला आणि थेट देवळाच्या कळसाला बांधला.

"दुष्काळ हाय, एकमेकाला सांभाळून घ्या!" सरपंचांचा आवाज शिवारभर घुमला.

भाषण आटोपल्यावर त्यांनी लांबूनच कौतुक केलं. "लई खणखणीत वाजला रे! पितळ कुठलं?"

रामकिशनचं डोकं सणकलं.

"उन्हाळ्यात माझी लेक केवळा पाण्याला आली, तव्हा तुमीच विहिरीवरून भिरकावलेली घागर हाय ती, सरपंच. त्या घागरीनं विहीर बाटत व्हती, मग आज कळस बाटला न्हाई का?"