रंगखान्यातली दुभाषी

“तिला विचार, इथल्या कामात ती समाधानी आहे का,” सर म्हणाले.

हे त्यांनी धाकटीला सांगितलं. समोर रबरी एप्रन घालून उभी असलेली बाई तिची सख्खी थोरली बहीण होती, आणि हे सरांना किंवा वर्गातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

वर्ग परदेशातून आला होता. नाना देशांची मुलं, कापड रंगवायच्या या कारखान्यात अभ्यासभेटीला. कामगारांची भाषा येणारी त्यांच्यात एकटी धाकटीच, म्हणून दुभाष्याचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. ती शिकत होती त्या अभ्यासक्रमाचं नाव होतं ‘आंतरसांस्कृतिक आणि शाश्वत आंतरराष्ट्रीय व्यवसाय व्यवस्थापन’. एका दमात ते घरी कुणालाच म्हणता येत नसे. थोरली लोकांना सांगायची, “आमची धाकटी ते लांबलचक शिकायला गेलीय.” वडील गेले तेव्हा थोरलीनं शाळा सोडली आणि या रंगखान्यात उभी राहिली. तेव्हा कुठे धाकटीच्या हातात पुस्तकं आली. पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मात्र इथला माल विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीची होती. त्या कंपनीच्या अधिकारी बाई आता सरांच्या शेजारीच उभ्या होत्या.

सकाळी फाटकातून आत शिरताना दोघी बहिणींची नजरानजर झाली होती. थोरलीनं ओळख दाखवली नाही. आपल्यामुळे हिला चारचौघांत कमीपणा नको, असं तिला वाटलं असेल. धाकटीनंही दाखवली नाही. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

तिनं सरांचा प्रश्न आपल्या भाषेत विचारला.

“समाधान?” थोरली म्हणाली. “सांग त्यांना. रंगाचं पाणी साफ करायचं ते यंत्र आहे ना, ते पाहुणे यायचे असले की चालू होतं. एरवी सगळं पाणी मागच्या ओढ्यात. हातमोजे फाटले तर फाटकेच घालायचे.” तिनं हात पुढे केले. नखं निळी पडली होती आणि बोटांच्या बेचक्यांत कातडीची सालं निघाली होती. “वाफेनं छाती भरून येते. खोकला आला तर मुकादम म्हणतो, बाहेर जाऊन खोक.” बोलता बोलता तिचा आवाज चिरकला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

कारखान्याचा मॅनेजर हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर होता. त्याला शब्द न् शब्द कळत होता. तो काहीच बोलला नाही, नुसता हाताची घडी घालून उभा राहिला. ते गप्प राहणंच धाकटीला धमकीसारखं वाटलं.

“काय म्हणाली ती?” सरांनी विचारलं.

‘समाधानी आहे’ एवढं म्हटलं की भागत होतं. थोरलीची नोकरी वाचली असती, आपली शिष्यवृत्तीही. काही समाजांत माणसं तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत, हे तर वर्गात शिकवलंच होतं. ते डोळ्यांतलं पाणीसुद्धा आनंदाचं म्हणून खपून गेलं असतं. खरं सांगायचं म्हणजे स्वतःच्या हातानं दोघींच्या ताटात माती कालवायची. पण बहीण जीव मुठीत धरून जे बोलली, ते आपण गिळून टाकायचं?

धाकटी बोलली. एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाली, “आणि ही माझी सख्खी बहीण आहे.”

मग सरांनी टाळी वाजवली. त्यांचं पाहून सगळ्यांनी वाजवली. एक मुलगी तर रुमालात तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. अधिकारी बाईंनी धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले.

“किती प्रामाणिक! आणि त्यात बहीण! हे फार सुंदर आहे.” त्यांनी फोटोवाल्याला हाक मारली आणि दोघींना रंगाच्या टाक्यांपुढे शेजारी शेजारी उभं केलं. “यंदाचा आमचा अहवाल याच फोटोनं सुरू होईल. आम्ही काही लपवत नाही, हे जगाला दिसायला हवं. शिक्षण संपलं की तू सरळ आमच्याकडे रुजू हो.”

“आणि ओढ्यातलं पाणी?” धाकटीनं विचारलं.

“त्यावर विचार चालू आहे,” बाई गोड हसून म्हणाल्या आणि पुढच्या विभागाकडे वळल्या.

जेवणाच्या सुट्टीत थोरली शेडमागच्या नळावर सापडली. धाकटीनं धावत जाऊन तिला मिठी मारली.

“ताई, आता तुला कामावरून काढतील गं. चल, आपण घरी जाऊ. मी बघते काहीतरी.”

“काढतील?” थोरलीला हसूच आलं. “अगं वेडे, मला बोलायला मॅनेजर साहेबांनीच तर उभं केलं. मागच्या खेपेलाही मीच होते. ते म्हणतात, काही लपवू नका, खरं ऐकलं की पाहुणे खूश होतात आणि जाताना ऑर्डर वाढवून देतात.”

धाकटीची मिठी सैल झाली. “म्हणजे तू मघाशी जे बोललीस ते सगळं...”

“छे गं, खोटं काहीच नव्हतं. ओढा खरा, हात खरे, खोकलाही खरा.” थोरलीनं बाहीनं तोंड पुसलं. “रडू तेवढं दर वेळी आणावं लागतं. आज तू समोर होतीस, म्हणून आणावं लागलं नाही.”