पहिली सरकी

त्या सकाळीही दादा, म्हणजे माझे वडील, आणि मी कापसातली सरकी काढत बसलो होतो. हैदराबादच्या निजामाच्या कौन्सिलातली खुर्ची सोडून ते बंदी असलेल्या पक्षाचे सभासद गावोगाव जोडत, पण यादी कागदावर ठेवत नसत. एका सरकीला एक नाव माझ्याकडून पाठ म्हणवून घेत. मी मुद्दाम पहिलं नाव गाळलं. "पहिलाच गडी कुठं गेला गं?" "बायकोला भिऊन पळाला." दादा हसले. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या अमीनानं त्यांना चावडीपुढच्या लिंबाला बांधलं. "नावं बोल, बापाला सोडतो," तो मला म्हणाला. दादांनी नकारार्थी मान हलवली. "ठाऊक न्हाईत," मी म्हणाले. संध्याकाळी त्यांचं प्रेत मिळालं. तेराव्याला शेजारचे कडूबाकाका रडत म्हणाले, "पोरी, नावं म्हाईत असती तं सांगून टाकायची. दादा वाचले असते." मी त्यांच्या हातावर सरकी ठेवली. "पहिलं नाव तुमचंच होतं, काका."