पहिलं बाळंतपण

“या गुप्तरोगाची सुई दोघांनी घ्यायची,” नर्सबाई म्हणाल्या. “नवऱ्याला घेऊन ये. नाहीतर तू बरी होशील आणि तो पुन्हा देईल. मग पोटातल्याचं काही खरं नाही.”

वृषालीने मान खाली घातली. पाचवा महिना चालू होता.

“तळहातावर तांबूस चट्टे उठले होते?”

“उठले व्हते. मला वाटलं, टोमॅटोच्या तोडणीनं झालं आसंल. खाजत बी नव्हते.”

“इथंच तर बायका फसतात.”

ओतूरला घरी येऊन तिने सुदर्शनला सांगितलं. तो पिकअप घेऊन मालाबरोबर बाहेरगावी मुक्काम करणारा माणूस. रोग कुठून आला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी उलटून म्हणाला, “रोग तुझा आन सुई मला? परत बोललीस तर चारचौघांत तुझीच अब्रू काढीन.”

काढलीही असती मेल्याने. वृषालीने वाद घातला नाही, डोकं चालवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आयतीच हाताशी होती. सातव्यात जायचं ते तिने पाचव्यातच माहेरी, मढला जायचं ठरवलं.

सासू साळुबाई गुडघ्यांनी बेजार. “मंग हितं भाकऱ्या कोण थापणार?”

“प्राचीला ठिवते की. तिचं कॉलेज हितंच हाय. यष्टीचे हेलपाटे तरी वाचतील.”

प्राची तिची धाकटी बहीण, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. खुशीत पिशवी घेऊन आली. “ताई, एवढ्या लवकर का चाललीस गं?”

“सहज. दाजींना येळेवर जेवायला घाल,” एवढंच वृषाली म्हणाली. असली गोष्ट पाठच्या बहिणीला सांगायची तरी कोणत्या तोंडाने?

मढला तिने एकही सुई चुकवली नाही. सुदर्शन भेटायला आला की ती आईजवळ झोपायची. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. बाळाला तपासून नर्सबाई म्हणाल्या, “जिंकलीस बाई.” वृषाली ढसाढसा रडली. इतकं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं.

बारशाला ओतूरची माणसं पिकअपमधून आली. प्राची नवी साडी नेसून सगळ्यांत पुढे. पाळण्याखालून बाळ द्यायची वेळ झाली, तशी तीच पलीकडे बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

वृषालीचे हात बाळासकट पाळण्याखालीच थांबले.

“हाताला काय झालं गं?”

“ह्ये व्हय?” प्राचीने तळवे उलटेपालटे करून पाहिले. “टोमॅटोच्या तोडणीनं झालं आसंल. खाजत बी नाय.”