एक हाक

दोघांचं लिखाण जुळवून ठेवणाऱ्या 'गिट' प्रणालीने हर्षालीने वेबपानात केलेला बदल परत पाठवला. मध्ये दुसऱ्या कोणीतरी काही लिहिलं होतं. ते आधी उतरवून घ्या, असं पडद्यावर स्पष्ट म्हटलं होतं. पण बाहेरून आत्या ओरडत होती, "अगं ए कॉम्प्युटरवाली, हळद सुकायला लागली!" हर्षालीला बदलायचा होता फक्त एक फोन नंबर. तिने 'फोर्स' लावून, म्हणजे मशीनचा नकार डावलून, आपली प्रत वर ढकलली आणि मांडवाकडे पळाली.

आसपासच्या कोणत्या दवाखान्यात सापाची लस आहे, हे सांगणारं ते पान ती आणि तिचा वर्गमित्र झुबेर मिळून चालवत. संध्याकाळी चुलीसाठी लाकडं काढताना शेजारच्या सुमतीकाकूंना नाग चावला. काकांनी घाईघाईत ते पान उघडलं, जवळच्या दवाखान्यापुढे 'लस आहे' वाचलं आणि गाडी तिकडे नेली. तिथली लस सकाळीच संपली होती. तालुक्याला पोचेपर्यंत काकू गेल्या.

दुसऱ्या दिवशी झुबेर लॅपटॉप घेऊन आला. हर्षालीच्या प्रतीने पुसलेली त्याची ओळ त्याच्याकडे जशीच्या तशी होती: 'लस संपली. थेट तालुक्याला जा.'

"परत आणता येईल ना रे?" तिने विचारलं.

"येईल की. लगेच."

त्याने ओळ पुन्हा वर चढवली. शेजारच्या अंगणात बायकांचं रडणं चालूच होतं.

"मशीन नको म्हणालं, तेव्हा मला एक हाक मारायचीस," तो हळूच म्हणाला. "मी तिथेच होतो गं. तुमच्या मांडवात खुर्च्या लावत होतो."